हळदीच्या पेढीतला गुणाप्पा

सांगलीजवळच्या एका खेड्यात गुणाप्पा नावाचा एक भोळा गृहस्थ राहायचा. भोळा म्हणजे किती? सांगितलेलं करायचा. फक्त सांगितलेलंच करायचा. त्यापायी बिचाऱ्याच्या सात नोकऱ्या गेल्या. आठवी मिळाली तेव्हा बायको सगुणा म्हणाली, "अहो, ही तरी टिकवा. कायम झालासा की मी पण शहरात ऱ्हायला येते. मालकीण सांगंल तसंच वागा."

इथेच तिचं चुकलं.

नोकरी होती शहरातल्या एका झकपक हॉटेलात. पूर्वी ती हळदीची पेढी होती. मालकीण वैदेहीबाईंनी त्या जुन्या इमारतीची डागडुजी करून ती अशी सजवली होती, की लोक नुसतं बघायला यायचे. उद्घाटन चार दिवसांवर आलं होतं.

"तोवर नीट काम करा, उद्घाटनाला तुम्हाला कायम करते," बाई म्हणाल्या. "आधी भिंती पुसून घ्या."

दगडी भिंतीवर वर्षानुवर्षं पोती घासून हळदीचे पिवळे डाग पडले होते. तेच हॉटेलचं भूषण. गुणाप्पानं साबण, ब्रश, लिंबू घेऊन अर्धी भिंत लख्ख केली.

बाईंनी कपाळावर हात मारला. "अहो, इथे जे जुनं दिसेल त्याला हात लावायचा नाही! भोवती दोरी बांधायची आणि पाटी लावायची, 'हात लावू नये'!"

"व्हय जी. ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी दादासाहेब आले. वय सत्त्याऐंशी. पेढी मूळची त्यांची, उद्घाटनही त्यांच्याच हातून व्हायचं होतं. कोचावर टेकले आणि त्यांचा डोळा लागला. गुणाप्पानं त्यांना खालून वर न्याहाळलं. जुनेच होते, शंका नाही. बाई आल्या तेव्हा कोचाला चहूकडून दोरी आणि दादासाहेबांच्या छातीवर पाटी. "अरे, मला हात द्या कुणीतरी!" ते ओरडत होते, आणि गुणाप्पा लोकांना लांब ठेवत होता.

"अहो, पाहुणे आहेत ते!" बाई म्हणाल्या. "दारातून आत येईल त्याला हार घालायचा, कुंकू लावायचं, गूळपाणी द्यायचं, आणि चांगल्या खोलीत आराम करू द्यायचा!"

"व्हय जी. ध्यानात ठेवतो."

तिसऱ्या दिवशी दारातून शेजारच्या गवळ्याची म्हैस आत आली. पहिला हार तिनं खाल्ला, म्हणून गुणाप्पानं दुसरा घातला. गूळपाणी बादलीभर लागलं. बाईंनी सगळ्यात देखणी खोली उघडली, तर गालिच्यावर म्हैस रवंथ करतेय आणि गुणाप्पा वारा घालतोय.

"पलंग दावला जी," तो म्हणाला. "पर त्यांनी खालीच बैठक मारली."

बाईंचा आवाज चिरकला. "असलं कुणी दिसलं की काठी घ्यायची, हाड हाड करायचं आणि पार त्याच्या घरापर्यंत हाकलून यायचं!"

"असलं म्हंजे कसलं?"

"दिसतंय ना समोर?"

गुणाप्पानं नीट पाहिलं. गळ्यात हार. कपाळाला कुंकू.

"दिसलं जी. ध्यानात ठेवतो."

उद्घाटनाला सगळं शहर लोटलं. बँड वाजला. बाईंनी स्वतः दादासाहेबांना हार घातला, कुंकू लावलं. दादासाहेबांनी फीत कापली, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं.

"हाड! हाड!"

सत्त्याऐंशीचे दादासाहेब धोतराचा सोगा धरून पळत सुटले. मागे काठी घेऊन गुणाप्पा. त्याच्या मागे बाई. मिरवणूक निघाली असं समजून बँडही वाजवत मागे. दोन गल्ल्या ओलांडून दादासाहेब आपल्या घराच्या पायरीवर बसले, आणि हसायला लागले ते थांबेचनात. डोळ्यांतून पाणी आलं.

"वैदेही, लग्नातसुद्धा माझी एवढी वरात निघाली नव्हती! याला आत्ताच्या आत्ता कायम कर. सांगितलेलं ऐकणारा माणूस हल्ली मिळतो कुठे?"

हसता हसता बाईंचा रागही गेला. सगळे परत आले. बाईंनी गुणाप्पाला मधोमध उभं केलं, हार घातला, कुंकू लावलं. टाळ्या पडल्या. "आजपासून तुम्ही कायम!"

गुणाप्पाला भरून आलं. आता सगुणा शहरात येणार! डोळे पुसत तो वळला, आणि समोरच्या मोठ्या आरशात त्याला कुणीतरी दिसलं. गळ्यात हार. कपाळाला कुंकू.

त्यानं मुकाट्यानं काठी उचलली.

संध्याकाळी सगुणा दारात तांदूळ निवडत होती. "अहो, नोकरीचं काय झालं?"

"कायम झालो."

"मग हिकडं कसं?"

"हाकललं."

"कुणी?"

"मीच," घाम पुसत गुणाप्पा म्हणाला. "लई जड गेलं. गडी सारखा मागं वळत हुता."