पिरूच्या पायातली घुंगरं

वारणेच्या काठी काळंबे नावाचे गाव. गावाबाहेर उसाच्या फडांमध्ये नरसोबाचे, म्हणजे नरसिंहाचे, जुने देऊळ. देऊळ इतके बुटके की कंबरेत वाकल्याशिवाय कुणाला आत जाता येत नसे. खेमाजी महाराज उतारवयात फिरत फिरत या गावी आले आणि त्या देवळातच राहिले. कुणी विचारायचे, "महाराज, एवढी मोठमोठी क्षेत्रं सोडून तुम्ही या आडबाजूला का राहिलात?" महाराज हसून म्हणायचे, "एका लेकरासाठी जो देव खांब फोडून बाहेर आला, त्याच्या दारात बसलं की मला बरं वाटतं."

महाराजांकडे मोठे लोक फारसे येत नसत. येत त्या लेकुरवाळ्या बाया. कुणाचे पोर रात्रभर रडते, कुणाचे दूध पीत नाही, कुणाला खोकला सुटत नाही. महाराज अंगारा लावत, पोराला हसवत, आणि आईला दटावून सांगत, "वैद्याकडंही जा बरं का! अंगारा लावला म्हणून घरी बसून राहू नको." असे रोखठोक होते आमचे महाराज!

याच गावात हौसा नावाची एक साधी बाई होती. नवरा यशवंता, कष्टाळू, कमी बोलणारा. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, नवससायासांनी तिला एक मुलगा झाला. त्याचे नाव पिराजी, लाडाने पिरू. पिरू गुटगुटीत होता, हसरा होता. पण तो चालायला लागला आणि हौसाच्या जिवाला घोर लागला.

एकदा ती चुलीपुढे भाकरी थापत होती. पिरू मागे लाकडी बैलाशी खेळत होता. पीठ संपले म्हणून ती मडक्याकडे वळली, तोच मागे धाडकन आवाज झाला. चुलीच्या वैलावरचे उकळते आमटीचे भांडे पिरूने ओढून खाली घेतले होते! आमटीचा लोट त्याच्या पावलांच्या वीतभर अलीकडून वाहत गेला, आणि हे पोर टाळ्या पिटत होते. हौसाने झडप घालून त्याला उचलले. दिवसभर तिला घास गेला नाही.

पुढे एकदा ती अंगणात चिंच फोडत बसली होती. शेजारणीने हाक मारली म्हणून तिने वर पाहिले, तेवढ्यात पिरूने चिंचोका तोंडात टाकला. तो घशातच अडकला. पोराचा आवाज बंद! ओठ निळे पडले, डोळे पांढरे झाले. हौसाने त्याला मांडीवर पालथे घातले आणि पाठीत थपडांवर थपडा मारल्या. किती वेळ गेला देव जाणे. शेवटी चिंचोका टणकन बाहेर उडाला आणि पोराने टाहो फोडला. त्याचे ते रडणे ऐकून हौसाही त्याच्याबरोबर रडायला लागली.

घरी असे, आणि मळ्यात त्याहून भयंकर. यशवंता मोट हाकत होता. मोटेचे बैल विहिरीपासून उतारावरून पुढे जातात आणि मोट रिकामी झाली की उलट्या पावलांनी मागे येतात. मागचे त्यांना काही दिसत नाही. हौसा पाटाला पाणी वळवायला वाकली होती. पिरू दुडदुडत गेला आणि त्या उतारावर मधोमध माती चिवडत बसला! बैल मागे सरकत होते. यशवंताचे लक्ष अगदी शेवटी गेले. त्याने सगळा जीव लावून कासरे ओढले. बैलाचा उचललेला खूर पिरूच्या डोक्यावर अधांतरी थांबला. यशवंताने पोराला ओढून काढले आणि छातीशी घट्ट धरले.

दर वेळी हौसा रडत एवढेच सांगायची, "मी नुसती मान वळवली हो, तेवढ्यात..."

आणि दर वेळी तिची थोरली जाऊ चंद्राक्का तिला तोडून टाकायची. चंद्राक्का मोठी टापटिपीची बाई. घर आरशासारखे लखलखीत, बोलणे फटकळ. "आईला मान वळवायला सवडच कशी मिळते गं?" ती चारचौघींत म्हणायची. "माझी चार लेकरं वाढली, एकाला कधी चटका बसला न्हाई का खरचटलं न्हाई. असल्या येंधळीच्या पदरात देवानं पोर टाकलंच कशाला?"

बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. हौसा खाली मान घालून उभी राहायची. तिला स्वतःलाही ते पटायला लागले होते, हेच सगळ्यांत वाईट!

मोटेच्या प्रसंगानंतर चंद्राक्काने दिराला बसवून सांगितले, "भावजी, हे पोर हिच्या हातनं जाणार बघा एक दिवस. माझ्याकडं द्या. मी वाढवते. हिनं लांबनं बघावं." यशवंता बैलाचा तो खूर विसरू शकत नव्हता. रात्री दचकून उठत होता. तो म्हणाला, "गुऱ्हाळ सुरू झालं की पिरूला तुमच्याकडंच ठेवतो, वहिनी. जगला म्हणजे झालं."

जगला म्हणजे झालं! हे ऐकून हौसाच्या काळजाचे पाणी झाले. नवऱ्याला काय बोलणार? तो खोटे बोलत नव्हता. त्या दिवसापासून तिने पदराचे टोक पिरूच्या कंबरेला बांधून ठेवले. रात्रीही त्याच्या छातीवर हात ठेवून ती जागी राहायची. डोळे खोल गेले, अंगावरचे मांस उतरले. शेवटी एका सकाळी ती पिरूला घेऊन नरसोबाच्या देवळात आली आणि महाराजांच्या पुढ्यात कोसळली.

"महाराज, माझ्या पोराला मी पुरत न्हाई. मी लई जपते, तरी कुठंतरी नजर चुकते. आता जाऊबाई त्याला माझ्यापासनं काढून नेणार. मी खरंच वाईट आई हाय का?"

महाराजांनी तिच्याकडे पाहिले. मग पदराची ती गाठ पाहिली. म्हणाले, "पोरी, किती दिवस झोपली नाहीस?" महाराजांनी आपली काठी जवळ ओढली. काठीच्या मुठीला घुंगरांची जोडी होती. महाराज चालायला लागले की ती वाजायची आणि लोकांना कळायचे, महाराज आले. ती घुंगरं महाराजांनी सोडली, काळ्या दोऱ्यात ओवली आणि पिरूच्या पायात बांधली. पदराची गाठ आपल्या हाताने सोडवली.

"तुझ्या डोळ्यांना आता विसावा दे," महाराज म्हणाले. "कानानं सांभाळ. हा कुठंही गेला तरी नरसोबा तुला ऐकवील."

काय सांगावे! त्या दिवसापासून हौसाच्या घरात छुमछुम सुरू झाली. पिरू परसात गेला की छुमछुम, उंबऱ्यावर चढला की छुमछुम. तो चुलीकडे वळायच्या आधीच ती त्याला पकडू लागली. कितीतरी दिवसांनी तिने पोटभर भाकरी खाल्ली. चंद्राक्काने मात्र ऐकवलेच, "पोरगं हाय का तमाशातला नाच्या? आणि तो बाबा! त्याच्या देवळात वाकून जायचं म्हणजे कंबर मोडायची. मी आपली बाहेरनंच हात जोडते."

गुऱ्हाळ सुरू व्हायचा दिवस आला. सकाळीच चंद्राक्का दारात उभी राहिली आणि तिने पिरूला कडेवर घेतले. पायातली घुंगरं पाहून तिने कोयतीने दोरा कापला आणि घुंगरं हौसाच्या अंगावर फेकली. "घे, तुझ्या बाबाला दे जा परत. मला डोळे दिलेत देवानं."

पिरू हात पसरून आईकडे झेपावत होता. यशवंता दुसरीकडे तोंड करून बैल जुंपत होता.

हौसा गुऱ्हाळाच्या वाटेवर देवळात शिरली. घुंगरं महाराजांच्या पायांजवळ ठेवून हुंदके देत म्हणाली, "कापली, महाराज. त्यांनी कापली." महाराजांनी तो दोरा उचलला, गाठ मारली आणि घुंगरं आपल्याच घोट्याला बांधली! देवळाचा गुरव नाना बघतच राहिला.

"हे हो काय, महाराज?" तो म्हणाला.

"पिरूचं काम आहे रे. आज त्याच्या पायात नाहीत, मग कुणीतरी चालायला नको का?" महाराज म्हणाले आणि हौसाकडे वळले. "जा पोरी, तुझं काम कर. कान तेवढे उघडे ठेव."

गुऱ्हाळावर उन्हे चढली. एकीकडे चरक फिरत होता, रस गळत होता. मधोमध मोठ्या चुलवाणावर काहील चढली होती. ज्यांनी गुऱ्हाळ पाहिले नाही त्यांना सांगतो, ही काहील म्हणजे घरातल्या खोलीएवढी पसरट कढई, आणि तिचा काठ जमिनीपासून फार वर नसतो. आत रस खदखदत असतो, वर पिवळा फेस येतो, वाफेने पलीकडचे माणूस दिसत नाही. मोठी माणसेही तिथे जपून पाय टाकतात.

हौसा लांब, रानाच्या कडेला चिपाडे वाळत घालत होती. चंद्राक्का मांडवात पाहुण्यांना रस देत होती, पिरू तिच्या पायाशी उसाचे कांडे चोखत बसला होता. "बघा, कसं शहाण्यासारखं बसलंय," ती पाहुणीला सांगत होती. "धाक लागतो पोराला. आमच्या हौसीला त्यो कधी जमलाच न्हाई."

आणि हौसाच्या कानावर आवाज आला. छुम.

ती थांबली. पिरूची पावले तर उघडी! तिच्या पुढ्यात तर दोरा कापला होता. भास झाला असेल. तिने पुन्हा चिपाडांना हात घातला. छुम, छुम. आता आवाज स्पष्ट होता, आणि तो मांडवातून येत नव्हता. तो काहिलीकडून येत होता!

हौसाने हातातले सगळे टाकले आणि ती धावत सुटली. ढेकळांत पडली, उठली, पुन्हा धावली. घुंगरं आता जोरजोरात वाजत होती, जणू कुणीतरी पाय आपटून आपटून बोलावत होते. "पिरू! अगं बाई, पिरू!" वाफेत काही दिसेना. ती आवाजाच्या रोखाने धावत राहिली. वाऱ्याने वाफ हलली आणि तिला तो दिसला. पिरू काहिलीच्या अगदी काठाशी उभा होता. हातातले उसाचे कांडे लांब करून पिवळा फेस ढवळायला वाकला होता.

त्याचा पाय घसरला.

हौसा अजून लांब होती. पोर पुढे कलंडले, आणि कलंडता कलंडता तसेच थांबले! मागून कुणी काखेत हात घालून धरावे, तसे ते काठावर तोलून राहिले. त्याच वेळी काहिलीत काहीतरी बुडल्यासारखे चळ्ळ झाले आणि पाक उसळला. तेवढ्यात हौसा पोचली. तिने पिरूला अंगड्याला धरून मागे ओढले आणि त्याला पोटाशी घेऊन जमिनीवर पडली.

माणसे धावली. गूळ करणाऱ्या गुळव्याने पोराचे हात, पाय, तोंड सगळे तपासले. पाकाचा एक थेंब अंगावर नव्हता. "पण मला सांगा," तो घाम पुसत म्हणाला, "घुंगरं कोण वाजवत होतं? मी काहिलीच्या पलीकडं पाक ढवळायचा दांडा धरून उभा. घुंगरं ऐकली म्हणून तर मी वळून बघितलं." सगळ्यांनी पिरूच्या पायांकडे पाहिले. पाय उघडे होते.

चंद्राक्का रसाचा तांब्या हातात धरून तशीच उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

हौसा उठली आणि कुणाशी न बोलता पोराला घेऊन देवळाकडे निघाली. मागून यशवंता आला. त्याच्या मागे, डोक्यावरचा पदर सावरायचे भान नसलेली चंद्राक्का आली.

नाना गुरव दारातच भेटला. "बरं झालं आलात. महाराज सकाळपासनं देवळाबाहेर पडलं न्हाईत. नुसतं देवाभोवती फेऱ्या घालत हुते. मगाशी एकाएकी पाय आपटायला लागलं. मी म्हटलं, म्हाताऱ्याला झालं तरी काय! मग 'आई गं' म्हणून खाली बसलं ते बसलंच."

सगळे वाकून आत गेले. चंद्राक्का दारात अडखळली. मग तीही वाकली.

महाराज खांबाला टेकून बसले होते. पायांवर घोंगडी होती. पिरूला पाहताच त्यांचा चेहरा उजळला. "आलास का रे गुलामा? लई पळवलंस आज मला!" पिरू आईच्या कडेवरून उतरला आणि त्याने घोंगडी ओढली.

महाराजांचे उजवे पाऊल घोट्यापर्यंत लालभडक झाले होते. त्यावर टरारून फोड आले होते. आणि घोट्याला बांधलेल्या घुंगरांत गुळाचा पाक थिजला होता!

यशवंताच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागले. महाराजांनी चंद्राक्काकडे पाहिले. आवाजात रागाचा लवलेश नव्हता. "काय झालं गं, आक्का?"

चंद्राक्का सांगू लागली, "मी... मी नुसती मान वळवली हो महाराज, तेवढ्यात..."

आणि ती तिथेच थांबली. आपल्या तोंडून काय निघाले ते तिचे तिलाच ऐकू आले. बाजूला हौसा उभी होती.

"हिनंही तेवढंच केलं होतं," महाराज हळूच म्हणाले. "तुझी चार वाढली ती तुझ्या धाकानं वाढली असं तुला वाटतं. त्यांच्यामागंही कुणीतरी पळत होतं, बाई. तुला ऐकू आलं नाही एवढंच."

चंद्राक्काने महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. कधी कुणापुढे न वाकलेली ती बाई पोरीसारखी रडत होती. "चुकले महाराज! पोर हौसाचंच. मी पुन्हा तोंड उघडणार न्हाई." भाजलेल्या पायाला धक्का लागू नये म्हणून तिने कपाळ नुसते टेकवले होते. मग ती हौसाच्या पायांकडे वळली, तर हौसाने तिला वरच्या वर धरले. "आक्का, नका हो असं करू. पोराकडं तुम्हीबी बघा. माझे दोन डोळे खरंच पुरत न्हाईत."

चंद्राक्काने आपल्या हाताने महाराजांच्या घोट्याची गाठ सोडली. पाण्याने पाक धुतला. फोडांवर लोणी लावले. मग ती देवळाच्या फरशीवर मांडी घालून बसली, पिरूचा पाय मांडीवर घेतला आणि घुंगरं बांधली. दोरा घट्ट होत नाही ना, म्हणून तिने त्यात बोट घालून पाहिले.

पिरू उठला आणि बुटक्या दारातून, जराही न वाकता, बाहेर पळाला. छुमछुम ऐकताच दोघी जावा एकदमच उठल्या आणि त्याच्या मागे धावल्या. महाराज खांबाला टेकून हसत होते. ज्यांच्या घरात चिमणी पावले आहेत, त्यांच्या कानी खेमाजी महाराजांची ही घुंगरं सदैव वाजत राहोत!