उणे अडतीस

एकदा एक वृद्ध आचार्य आणि त्यांची शिष्या एका रेणूचा अभ्यास करीत होते. दात काढण्यापूर्वी हिरडी बधिर करायला जे औषध टोचतात, त्याचा हा रेणू. शिष्येने संगणकात त्याची आकृती रचली होती आणि त्याची कंपने गणिताने काढली होती. आकृती स्थिरावलेली असेल, तर कंपनांचे सारे आकडे धन येतात. एक जरी उणे आला, तरी रेणू चुकीच्या ठेवणीत अवघडून बसला आहे असे समजायचे.

तिच्या यादीतला पहिलाच आकडा उणे अडतीस होता.

ते कंपन तिने पडद्यावर चालवून पाहिले. बाकी सारा रेणू जवळजवळ निश्चल. फक्त टोकाची शेपटी सावकाश वळत होती, कुणी हाताने जवळ बोलवावे तशी. भर दुपारी तिच्या अंगावर काटा आला. पण नव्याने गणित करायला तीन दिवस हवे होते, आणि उद्या प्रबंध दिला नाही तर तिची नोंदणीच रद्द होणार होती. तिने प्रबंधातल्या तक्त्यातले उणे चिन्ह पुसले. आता नुसते अडतीस. दिसायला अगदी निरुपद्रवी.

पडद्यावरची शेपटी मात्र वळतच होती.

आचार्य नुकतेच दाढ काढून आले होते. अर्धा चेहरा बधिर. त्यांनी तक्ता पाहिला, मग बराच वेळ पडदा पाहिला. तिथे शेपटीखाली आकडा अजून उणे अडतीसच होता. चहाचा वाफाळता स्टीलचा पेला उचलला आणि बधिर ओठाला लावून धरला. पीत नव्हते, नुसता धरला होता. आणि तिच्याकडे पाहून हसत होते, अर्ध्याच तोंडाने.

"सर, भाजेल."

"कुणाला?"

"सर, ठेवा ना तो खाली. मला भीती वाटतेय."

त्यांनी पेला ठेवला. ओठ लालबुंद झाला होता.

"मला काहीच कळलं नाही बघ," ते म्हणाले. "फोड मात्र येणार. कळ गेली की कळणंही जातं. चटका कुठे जात नाही. तू तक्त्याला तेच इंजेक्शन दिलंस. अगं, ते उणे चिन्ह म्हणजे या आकृतीची कळ. शेपटी कुठे वळवायची, तेच तर ती तुला दाखवत होती."

"पण सर, उद्या..."

"मुदतवाढीचा अर्ज लिही. मिळेल की नाही, मला ठाऊक नाही. सही मी करतो."

तिने उणे चिन्ह परत लिहिले. शेपटी जिकडे वळू पाहत होती, तिकडेच थोडी वळवली आणि गणित पुन्हा लावले.

तिसऱ्या दिवशी सारे आकडे धन आले. अर्जाचे उत्तर अजून आले नव्हते. चहाचा घोट घेताना आचार्य कण्हले. ओठावर फोड होता.

तिने धीर करून पहिले कंपन चालवले. रेणू बारीक थरथरत होता. हलणे थांबले नव्हते. बोलावणे थांबले होते.