झेंडूच्या हाराचा दोरा

दसरा होऊन तिसऱ्या दिवशी शैलाताई गुळवणींच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला. जावई माधवराव अजून आष्ट्यात मुक्कामाला होते. ते कारखान्यातले मोठे इंजिनिअर. त्यांच्यापुढे बोलायची घरात कुणाची टाप नव्हती. त्यांनी आपलं तपासणीचं यंत्र गाडीला जोडलं आणि निकाल दिला, "पेट्रोलची वाफ गळतेय. टाकी उतरवावी लागेल. आठ दिवस गाडी विसरा."

शैलाताईंना तर उद्याच मैत्रिणींना घेऊन औदुंबरला जायचं होतं.

"वाफच गळतेय ना? मग आधी झाकण बघू या."

"सासूबाई, हा काय कुकर आहे?" जावई हसले.

"नाही हो. पण कुकरची वाफ गळली म्हणून आम्ही शेगडी उतरवत नाही."

त्यांनी पेट्रोलचं झाकण काढलं. त्याच्या रबरी रिंगेत झेंडूच्या हाराचा दोरा अडकला होता. दसऱ्याला गाडीची पूजा जावयांनीच केली होती आणि हार घसरू नये म्हणून त्याचं टोक याच झाकणात दाबून बसवलं होतं. शैलाताईंनी दोरा ओढून काढला, झाकण घट्ट बसवलं.

जावई गोरेमोरे झाले. "आता दोरा काही यंत्राला दिसत नाही."

"यंत्राचं काहीच चुकलं नाही. वाफ गळतेय एवढंच ते म्हणालं. टाकी उतरवा, हे तुम्ही म्हणालात."

जावयांनी यंत्र पुन्हा जोडून गाडीतली बिघाडाची नोंद पुसली. दिवा विझला.

सकाळी औदुंबरला निघताना शैलाताई म्हणाल्या, "पुढच्या दसऱ्यालाही पूजा तुमच्याच हातची हं! हार तेवढा मी बांधेन."