इथे दाढी लवकर होते

करंजगडचे राजे हैबतराव यांना भिंतींचाही संशय यायचा. दरबाराविरुद्ध बोलेल त्याची जीभ छाटायची, असा त्यांचा हुकूमच होता. शेजारच्या सोनगिरी राज्यातला रखमाजी न्हावी इथेही दाढ्या करायला येऊ लागला, तसा तो त्यांना हेर वाटला. त्याला भर दरबारात उभं केलं.

"दोन्हीकडची माणसं तुझ्या हाताखालून जातात. जास्त सुखी कुठली? खोटं बोललास तर मान जाईल."

"सरकार, तिकडची माणसं राजाला शिव्या घालत हनुवटी हलवत बसतात. एका दाढीला तास जातो. इथे कोणी चकार शब्द काढत नाही."

राजे खुलले. "म्हणजे इथली सुखी!"

"ते कसं सांगू? तिकडे वस्तरा लागला की माणूस ओरडतो आणि मी हात आवरतो. इथे कापलं तरी गप्प. आता सरकारांच्याच कानामागे सकाळच्या दाढीत दरबारी न्हाव्याकडून कापलंय, रक्त ओघळतंय. एवढा दरबार गप्प आहे, तो सुखी आहे म्हणून का?"

राजांनी कानामागे हात नेला. बोटं लाल झाली. सरदार एकेक करून माना खाली घालू लागले.

बोलणाऱ्यांना सोडून गप्प बसणाऱ्यांचा संशय राजांना त्या दिवशी पहिल्यांदा आला.