वाघझरीचे भैरू आणि दोन कॉलमची की

“पण सर, एवढ्यासाठी दोन-दोन कॉलम कशाला? नंबर आहे की.”

आठल्ये सरांनी डोळे मिटले. झोप आली होती की कंटाळा, ते तन्मय खांबेटेला कळेना.

तन्मय सकाळच्या एसटीने वाघझरीला उतरून, डोंगर चढून मठात आला होता. तो हुशार होता. हे त्याला दुसऱ्या कोणी सांगावं लागत नव्हतं. एका रक्ततपासणीच्या लॅबचं सॉफ्टवेअर त्याने एकट्याने लिहिलं होतं. लॅबच्या शाखा दोन, कराड आणि इस्लामपूर, आणि दोन्हीकडे नमुन्यांचे नंबर एकपासून सुरू व्हायचे. कोड आणि डेटाबेस यांच्यामध्ये ओआरएम नावाचा एक दुभाष्या बसलेला असतो. त्याला तन्मयने सांगून ठेवलं होतं, रिपोर्ट कोणत्या नमुन्याचा ते नुसत्या नंबरावरून ओळखायचं. दुभाष्या गरीब. सांगितलं तसं ऐकलं त्याने.

त्यामुळे इस्लामपूरच्या एका पैलवानाला, तो गरोदर आहे असा रिपोर्ट गेला.

पैलवानाने कोणाला काही न विचारता तालीम सोडली. घरच्यांनी त्याला घागरसुद्धा उचलू देणं बंद केलं. जत्रेतली कुस्ती जवळ आली होती आणि गडी डिंकाचे लाडू खात पडून होता. लॅबच्या मालकांनी तन्मयला शांतपणे सांगितलं होतं, उद्या लॅब उघडायच्या आत हे सुधारलं नाही तर तू येऊच नकोस.

डोंगरावर रेंज नव्हती. खाली जाणारी शेवटची एसटी संध्याकाळी होती. आणि सर डोळे उघडत नव्हते.

आठल्ये सर म्हणजे एके काळी पुण्यात डेटाबेसमधला शेवटचा शब्द. मठाचा कॉम्प्युटर दुरुस्त करायला म्हणून इथे आले होते. तेव्हाचे महाराज त्यांना म्हणाले, जरा गादीवर बसा, आलोच. महाराज गेले ते गेलेच. सर बसले ते बसलेच. तोवर लोक पाया पडायला लागले होते, मधेच उठणं बरं दिसलं नसतं.

“सर…”

“चहा घेशील?”

“एसटी चुकेल.”

“बाहेर जा. भैरूला हाक मार. चहा सांग.”

तन्मय ओसरीवर गेला आणि त्याने भैरूला हाक मारून चहा सांगितला.

आता वाघझरी हे भैरोबाचं गाव. घरटी थोरल्या मुलाचं नाव भैरूच ठेवतात, दुसरं ठेवलं तर देवाला राग येतो म्हणे. हे तन्मयला कोणी सांगितलेलं नव्हतं. तो आत येऊन बसतो न बसतो तोच किटली घेऊन एक भैरू आला. मागोमाग दुसरा. एक म्हातारा भैरू काठी टेकत आला, एक अंगाला साबण असलेला भैरू आला. ओसरी भरली, मग पायऱ्या भरल्या. सगळ्यांच्या हातात किटल्या.

सरांनी एक डोळा उघडला.

“कोणाला सांगितलास?”

“भैरूला.”

“मग बरोबर आहे.”

तन्मयने पहिला कप प्यायला. मग भीड पडून दुसरा. तिसऱ्याला त्याच्यातला इंजिनियर जागा झाला. तो म्हणाला, सर, सोपं आहे, यांना नंबर देऊन टाका, प्रत्येकाला वेगळा.

“दिले होते.”

“मग?”

“कोणाचा नंबर कोणता, ते विचारायला भैरूलाच हाक मारावी लागायची.”

ओसरीवर सगळ्यांनी माना डोलावल्या.

सर तसेच बसल्या जागेवरून थकल्या आवाजात म्हणाले, “चिंचेखालच्या भैरू.”

एकच माणूस उठला. त्याच्याबरोबर एक कुत्राही उठला.

“कुत्रापण भैरू?” तन्मयने विचारलं.

“कुत्र्यांचा तक्ता वेगळा.”

तन्मयच्या हातातला कप तसाच राहिला… चिंच एकटी पुरत नाही, तिच्याखालच्या घरात माणसं पुष्कळ. भैरू एकटा पुरत नाही, तो गावभर.

“म्हणजे शाखा आणि नंबर, दोन्ही कॉलम मिळून एका नमुन्याची ओळख, म्हणजे की,” तो हळूच म्हणाला. “आणि रिपोर्टातूनसुद्धा नमुन्याकडे दोन्ही घेऊनच जायचं.”

“दोन्ही. एकत्र. त्याच क्रमाने.”

“एवढंच?”

“एवढंच.”

दोन ओळींचं काम. तन्मयला जरा रागच आला. त्याने लॅपटॉपची बॅग खांद्याला लावली, पाया पडायला वाकला आणि वाकल्या वाकल्या विचारलं, “सर, तो चुकून जोडलेला नमुना उडवून टाकू का?”

“नाही उडणार. रिपोर्ट त्याच्याकडे बोट दाखवतोय ना. तोवर डेटाबेस त्याला जाऊ देत नाही.”

“मग?”

“बोट आधी दुसरीकडे वळवायचं…”

सर ओसरीवरच्या भैरूंकडे बघत राहिले. सगळे भैरू त्यांच्याकडे बघत होते. वर्षानुवर्षं तसेच बघत आले होते.

“दमलायस,” सर म्हणाले. “टेक जरा.”

त्यांनी सरकून गादीवर जागा केली. तन्मय टेकला. खरंच दमला होता, पोटात नुसता चहा होता.

सरांनी त्याच्या खांद्यावरची बॅग हलकेच काढून घेतली. मग गुडघ्यांवर हात देऊन उठले. त्यांचे गुडघे वाजले ते पायरीपर्यंत ऐकू गेलं.

चिंचेखालच्या भैरूने गादीकडे बघितलं. मग पुढे येऊन चहाचा कप तन्मयसमोर ठेवला आणि त्याच्या पाया पडला. मागून साबणवाला भैरू सरकला. त्याच्या मागे रांग लागली.

खाली रस्त्यावर एसटीचा हॉर्न वाजला.

“सर, माझी एसटी…” तन्मय उठायला गेला. पण म्हाताऱ्या भैरूचं डोकं त्याच्या पायांवर होतं. मधेच उठणं बरं दिसलं नसतं.

सरांनी दारात चपला घातल्या. बॅग नीट खांद्याला लावली.

“पैलवानाचं मी बघतो,” ते म्हणाले. “तू जरा बस. आलोच.”