मिठाच्या डब्यावरच्या मुंग्या

द्वारकाकाकूंना वृद्धाश्रमात धाडून त्यांचं घर घशात घालायचं, असा पुतण्या भास्कररावांचा डाव होता. गावात वजन असलेला माणूस. काकूंना स्वतःचं स्वतः करता येत नाही, हे सिद्ध करायला त्यांनी डॉक्टरीणबाईंना तपासणीला बोलावलं.

आदल्या संध्याकाळी भास्करराव कधी नव्हे ते स्वतः स्वयंपाकघरात जाऊन पाणी पिऊन गेले होते. तेव्हाच काकूंच्या मनात पाल चुकचुकली.

“काकू, जरा चहा करून दाखवा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

काकू आत गेल्या. रोज साखरेच्या डब्याला लागणाऱ्या मुंग्या आज मिठाच्या डब्यावर चढल्या होत्या. काकूंनी निमूट चहा केला आणि पहिला कप पुतण्यापुढे धरला.

भास्करराव मागे सरकले. “बघा डॉक्टर, चहात मीठ घालते ही. हिला एकटं कसं ठेवायचं?”

डॉक्टरीणबाईंनी घोट घेतला. “अहो, चहा तर छान गोड आहे.”

काकू शांतपणे म्हणाल्या, “बाई, साखर कुठल्या डब्यात आहे ते मला मुंग्यांनी सांगितलं. चहात मीठ आहे असं यानं तोंड न लावता कसं ठरवलं, तेवढं विचारा.”