कोरा ठोकळा

“मग उद्यापासून किल्ली माझ्याकडं?”

प्रल्हादनं शिदू मिस्त्रींना विचारलं. खंडेनवमी होती. कारखान्यातली हत्यारं धुऊनपुसून पाटावर मांडली होती आणि मिस्त्री एकेकाला हळदकुंकू लावत होते.

प्रल्हादनं पुन्हा विचारलं. वर्षभर तो मिस्त्रींच्या हाताखाली सुतारकाम शिकत होता. हात खरोखरच चांगला होता त्याचा. वाईट एवढंच, की ते त्यालाही कळलं होतं.

“तुम्ही रोज उशिरा येता, मिस्त्री. तोवर आम्ही नुसते बसून. रंधा मशीनची किल्ली दिलीत तर तुम्ही येईपर्यंत निम्मं काम उरकतो मी.”

“काय काय करशील?”

“फळी सपाट करतो. कड काटकोनात आणतो. तिरकी कड धरतो. चौकटीची खाचसुद्धा मारतो.”

“खाचेला पात्यांवरचं झाकण काढावं लागतंय.”

“काढतो की.”

“परत लावतोस?”

“...लावतो. आठवलं की.”

“आणि वीतभर तुकडा आला तर?”

“बोटांनी दाबायचा आन् सारायचा पुढं. माझ्या बोटांना कळतंय, पातं कुठं हाय ते.”

मिस्त्रींचं कुंकवाचं बोट तसंच अधांतरी राहिलं.

“वीतभर तुकडा मशीनवर घालायचा नसतो, बाळा. तो हातरंध्यानं.”

“वेळ जातोय त्यात.”

“जाऊ दे की...”

पाटाच्या कडेला दोन लाकडी ठोकळे होते, वर मूठ बसवलेले. मशीनवर फळी दाबून पुढं ढकलायची ती अशा ठोकळ्यानं, म्हणजे हात पात्यांपासून वर राहतो. एक ठोकळा मिस्त्रींचा, रोजचा. त्याचा तळ पात्यांनी पार कुरतडलेला. दुसराही जुनाच होता, पण त्याच्यावर साधा चरा नव्हता.

मिस्त्रींनी दोन्ही त्याच्यापुढं धरले.

“यातला एक घे. मग किल्लीचं बघू.”

प्रल्हाद हसला. आता किल्ली मिळालीच, असं त्याला वाटलं असावं.

“राग मानू नका, पण हा कुरतडलेला नको. किती वेळा चुकला असंल हा हात!”

“लई वेळा.”

“आन् हा बघा. एक ओरखडा नाही. ह्याला म्हणायचं कारागीर!” त्यानं कोरा ठोकळा उचलून छातीशी धरला. “हाच द्या मला. कुणाचा हाय?”

मिस्त्रींनी कुरतडलेला ठोकळा परत पाटावर ठेवला. घरचं ते कधी बोलत नसत, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. आज मात्र म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. आपण काहीतरी भलतंच बोलून बसलो, हे प्रल्हादला पहिल्यांदाच जाणवलं.

“माझ्या थोरल्याचा,” मिस्त्री म्हणाले. “त्याच्याबी बोटांना कळायचं.”

प्रल्हादच्या हातातला ठोकळा जड झाला. तो हळूच विचारता झाला,

“आता... कुठं असतात ते?”

“घरीच. सकाळी त्याची आंघोळ झाली, की त्याच्या शर्टाची बटणं लावून देतो आन् मग निघतो. म्हणून उशीर होतोय रं मला.”